चौबळांच्या पेडलला उन्हाळा सोसत नाही

कुमार चौबळांनी आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. एक म्हणजे सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं जावक रजिस्टर सांभाळलं, आणि दुसरी म्हणजे गिटार वाजवली. पहिलीबद्दल निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं. दुसरीबद्दल कुणी कधी काही दिलं नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा छताला काठी ठोकली, तेवढीच काय ती दाद. त्यामुळे लग्न ठरल्यावर लेकीने, कादंबरीने, "बाबा, हळदीला तू ती धून वाजवायचीस, मला तुझ्याकडून दुसरं काही नको," असं सांगितलं तेव्हा चौबळांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ते गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालून आले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

ती धून चौबळांची स्वतःची. तिला नाव नाही, शब्द नाहीत, आणि ती जेमतेम अडीच मिनिटांची आहे. कादंबरी तीन-चार वर्षांची असताना ती वाजल्याशिवाय झोपत नसे. पुढे कादंबरी शाळेत गेली, गिटार कपाटावर गेली, आणि आता पोरगी सासरी निघाली. ती निघण्याआधी तिला ती धून एकदा नीट ऐकवायची, एवढंच चौबळांना हवं होतं. अडीच मिनिटांसाठी माणूस किती उपद्व्याप करू शकतो हे ज्याला बघायचं असेल त्याने यंदाच्या मे महिन्यात पनवेलला यायला हवं होतं.

आता सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी असलेल्या वस्तूची ओळख करून देतो. गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडायची एक लोखंडी डबी असते, तिला पेडल म्हणतात. पायाने खटका दाबला की गिटारचा साधा टणटण आवाज भरदार होतो आणि एकेक सूर लांबत जातो. चौबळांचं पेडल चाळीस वर्षांपूर्वी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने जुन्या रेडिओचे अवयव घालून बनवून दिलेलं. हिरवा रंग, दोन बटणं, आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दिपाताई, म्हणजे चौबळांच्या सौभाग्यवती, त्या पेडलला 'ती डबी' म्हणतात, आणि म्हणताना दर वेळी पदर सावरतात. का सावरतात ते चौबळांना अजून कळलेलं नाही.

साखरपुडा जानेवारीत झाला, नेऱ्याला, एका मित्राच्या फार्महाऊसवर. पनवेल भागात थंडी वर्षातून चार दिवस पडते आणि त्या चार दिवसांसाठी लोक बाकीचं वर्ष स्वेटरला डांबराच्या गोळ्या घालत बसतात. ते चार दिवस नेमके साखरपुड्याला आले. सकाळी सहाला चौबळ कानटोपी घालून पडवीत बसले, पंचवीस वर्षांनी पेडल जोडलं आणि धून वाजवून पाहिली. कादंबरी आत गोधडीत गाढ झोपलेली. ऐकायला फक्त राखणदार देवजी होता. आवाज असा काही निघाला की चौबळ स्वतःच मध्ये थांबले. एकेक सूर स्वच्छ, गोल, डोंगरापर्यंत जाऊन निवांत परत येणारा. देवजीने शेकोटीत काटकी सरकवली आणि बरं वाजतंय म्हणाला. चौबळांनी तिथेच ठरवलं की हळदीला हाच आवाज काढायचा. तरुणपणी आपला आवाज असाच होता अशी त्यांची ठाम समजूत झाली, आणि निवृत्त माणसाची तरुणपणाबद्दलची समजूत बदलणं हे कुणाच्या बापाच्याने होत नाही.

हळद मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात होती. एप्रिलअखेर एका दुपारी चौबळांनी सरावासाठी पेडल काढलं, खटका दाबला, पहिला सूर छेडला, आणि डबीतून कुणीतरी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतंय असा आवाज आला. सूर निघायचा, फुगायचा, आणि मग फस्स करून बसायचा. चौबळांनी तारा बदलल्या, वायर बदलली, बॅटरी बदलली. गुळण्या चालूच. हे ऐकून सोसायटीत जी मतं पडली ती सगळी लिहायची तर वेगळं रजिस्टर लागेल. एकाने लाईटच्या व्होल्टेजला दोष दिला. पेडल बॅटरीवर चालतं म्हटल्यावर त्याने बॅटरीच्या व्होल्टेजला दोष दिला. एकाने मीठ-मोहरी ओवाळायला सांगितली. तिसऱ्या मजल्यावरच्या शशिकलाताईंनी, ज्या निवृत्त विज्ञान शिक्षिका आहेत, एवढंच विचारलं की हे यंत्र आधी बरं होतं म्हणजे नक्की कधी बरं होतं. चौबळ म्हणाले, जानेवारीत. ताई नुसत्या हसल्या आणि भाजी घ्यायला निघून गेल्या. शिक्षक निवृत्त झाले तरी उत्तर आपल्याकडूनच काढून घेतात.

चौबळ पेडल घेऊन जुन्या बाजारात दत्ताच्या दुकानात गेले. दत्ता रेडिओ दुरुस्त करतो. म्हणजे करायचा, आता मिक्सर करतो. त्याने डबी उघडली आणि आतलं बघून त्याचा चेहराच उजळला. आत जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर होते, फार पूर्वीच्या रेडिओत असत तसले. त्याने समजावून सांगितलं की ही जात उन्हाळ्याला फार नाजूक. तापली की आतल्या आत करंट गळायला लागतो आणि आवाजाची वाट लागते. चौबळांनी डबी उलटी करून खाली बोट फिरवून बघितलं. दत्ताने त्यांच्या वयाकडे बघून काही बोलायचं टाळलं. मग त्याने आपली पाण्याची गार बाटली पाच मिनिटं ट्रान्झिस्टरांना टेकवून ठेवली आणि वाजवा म्हणाला. चौबळांनी वाजवलं. नेऱ्याची सकाळ दुकानात आली. बाहेर मिक्सर घेऊन उभी असलेली बाईसुद्धा दोन पावलं आत आली.

दत्ताने वीस मिनिटांत नवे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर घालून द्यायची तयारी दाखवली. त्यांना ऊन लागत नाही की थंडी. चौबळ दुखावले. चाळीस वर्षांचा संसार आहे, माणूस तापट झाला म्हणून कुणी बदलून घेतं का, असं ते म्हणाले. घरी येऊन हेच वाक्य त्यांनी दिपाताईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं. दिपाताई काही क्षण विचारात पडल्या, ते चौबळांना आवडलं नाही.

अशा रीतीने पेडल फ्रिजमध्ये गेलं. लग्नघरातला फ्रिज म्हणजे काय हे ज्याने पाहिलंय त्याला ह्या वाक्याचं गांभीर्य कळेल. त्यात कैरीचं पन्हं होतं, मसाला लावून ठेवलेली कोलंबी होती, रुखवताचे लाडू होते आणि ओल्या खोबऱ्याचे चार डबे होते. दिपाताईंनी भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी वीतभर जागा दिली आणि बजावलं की कोलंबीला धक्का लागला तर डबी कचऱ्याच्या गाडीत जाईल. चौबळांनी तासाभराने पेडल काढलं, जोडलं, वाजवलं. आवाज आला, पण चिलटाएवढा. चौबळ पार गोंधळले. गरम असताना गुळण्या, गार असताना चिलट. शशिकलाताईंना बोलावणं गेलं. त्यांनी येऊन सांगितलं की ट्रान्झिस्टरला थंडी मानवते पण बॅटरीला मानवत नाही, गार बॅटरीचा जोर जातो. तेव्हा पेडल फ्रिजमध्ये ठेवा आणि बॅटरी उबेला ठेवा. उबेला म्हणजे कुठे, असं चौबळांनी विचारलं. ताईंनी लहान मुलाचा ताप बघतात ती जागा दाखवली.

त्या दिवसापासून कुमार चौबळ डाव्या काखेत बॅटरी धरून हिंडू लागले. पत्रिका वाटायला गेले तेव्हाही काखेत बॅटरी होती, आणि सगळ्या नातेवाइकांना त्यांनी एका हाताने नमस्कार केला. उरणच्या मावशींनी दिपाताईंना फोन करून विचारलं की कुमारला अर्धांगाचा झटका येऊन गेला का, आणि आला असेल तर आपल्याला का कळवलं नाही.

पण बॅटरीची ऊब साधली तेव्हा नवंच खूळ निघालं. मे महिन्यातली पनवेलची हवा म्हणजे निम्मं पाणी. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसे थेंब जमतात तसे ते पेडलवर जमले, मग पेडलच्या आतही जमले. दोन मिनिटं सुरेख वाजून ते तडतडायला लागलं आणि मुकं झालं. शशिकलाताई म्हणाल्या, तांदळात ठेवा, तांदूळ ओल ओढून घेतो. पेडल तांदळाच्या डब्यात गेलं. कोरडं झालं, पण तोवर गरम झालं. पुन्हा फ्रिज. पुन्हा थेंब. पुन्हा तांदूळ. ह्या येरझाऱ्यांत एक कणी खटक्यात जाऊन बसली आणि पेडलचा एक स्क्रू कुकरमध्ये निघाला. तो जेवताना खुद्द होणाऱ्या जावयाच्या, हृतिकच्या, पानात आला. मुलगा सभ्य. त्याने तो ताटाच्या कडेला मिठाशेजारी ठेवला आणि भात छान झालाय म्हणाला.

चौबळांनी कागदावर लिहून पाहिलं. गार असलं की ओलं होतं. कोरडं होईपर्यंत थांबलं की गरम होतं. पिशवीत बंद करून काढलं तर ओलं होत नाही, पण पिशवीतून काढायच्या लायकीचं होईपर्यंत पुन्हा गरमच. त्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला. हयातभर त्यांनी प्रत्येक कागदाला एक तरी वाट काढून दिली होती, निदान 'वरिष्ठांकडे सादर' असं लिहिलं होतं. ह्या कागदाला वरिष्ठ कोण ते त्यांना सुचेना. लग्न सहा दिवसांवर आलं होतं आणि कादंबरी रोज येता-जाता विचारत होती की धून बसली का. ते होकारार्थी मान हलवत होते आणि आपण मुलीशी खोटं बोलतोय ह्याने त्यांना जेवण जात नव्हतं.

वाट काढली काशीराममामांनी. काशीराम हे हृतिकचे सख्खे मामा, पनवेलजवळच्या कोन गावचे, आणि तिकडच्या बेंजो पार्टीचे मास्तर. हृतिकचं घर आगरी, आणि आगरी घरात लग्नापेक्षा हळद मोठी आणि हळदीत बेंजो मोठा. दोन्ही घरांची हळद एकत्र, कोनलाच मुलाच्या अंगणात, असं ठरलं होतं, आणि कार्यक्रमाची बोलणी करायला मामा आले होते. मामांच्या पार्टीला त्या संध्याकाळी शिरढोण गावचीही हळद होती, म्हणून आपली हळद दुपारी चारलाच सुरू करायची, असं त्यांनी सांगितलं. मे महिन्यात, दुपारी चारला. चौबळांच्या काखेतली बॅटरी खाली पडली.

मामांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. बेंजोला तेही असलीच डबी लावत, फक्त नवी. मग त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"सायब, तुमी डबी भायेर काढता म्हनून घोल होतो," ते म्हणाले. "काढूच नका. आमी मावरा बरफाच्या पेटीन ठेवतो, तशी ठेवा. पेटीला भोक पारा, वायरी भायेर घ्या, आन पेटी तशीच ठेवून वाजवा. पापलेट दोन दिस रहातंय, तुमची डबी पापलेटाहून नाजूक हाय काय?"

चार दिवस विज्ञान करून जे जमलं नव्हतं ते मासळीने एका बशीत करून दाखवलं. पेडल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं, थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवायचं, वायर दोन्हीकडून बाहेर. बॅटरीलाही लांब वायर जोडून ती बाहेर ठेवायची. खटका आधीच दाबून ठेवायचा. दत्ताने दहा मिनिटांत वायरी लावून दिल्या. राहिला प्रश्न बर्फाचा. फ्रिजमधले खडे अर्ध्या तासात विरघळत होते, लादीच हवी होती. लादी मिळते खाडीच्या बाजूच्या बर्फाच्या कारखान्यात, आणि तो कारखाना होता मच्छीमारांच्या सोसायटीचा.

खिडकीतल्या बाईंनी चौबळांसमोर छापील अर्ज सरकवला. चौबळांना बरं वाटलं. अर्ज बघितला की त्यांना माहेरी आल्यासारखं होतं. पण पहिलाच रकाना होता, नौकेचे नाव. दुसरा, नोंदणी क्रमांक. तिसरा, तांडेलाचे नाव, म्हणजे नौका चालवणाऱ्याचं. चौबळांनी नम्रपणे सांगितलं की आपल्याकडे नौका नाही, एक पेडल आहे. बाई म्हणाल्या, बर्फ नौकेलाच मिळतो. रकाना मोकळा सोडू का, असं चौबळांनी विचारलं, आणि विचारताच त्यांना स्वतःचीच शरम वाटली. बत्तीस वर्षांत मोकळ्या रकान्याचा एकही कागद त्यांनी जावक होऊ दिला नव्हता. किती गरिबांचे अर्ज त्यांनी त्याच कारणाने परत पाठवले होते. मागे रांगेत उभे असलेले लोक चुळबुळायला लागले. चौबळांनी पेन काढलं आणि नौकेचं नाव लिहिलं, कादंबरी. नोंदणी क्रमांकात स्कूटरचा नंबर घातला. तांडेल म्हणून स्वतःची पूर्ण सही केली. बाईंनी शिक्का मारला. आयुष्यातला पहिला खोटा कागद एवढ्या सहज पुढे जातो हे बघून चौबळांना आनंद व्हावा की दुःख व्हावं ते कळेना.

लादी आली, तिचे तुकडे झाले आणि पेटी भरली. हळदीच्या दिवशी सकाळी चौबळांनी घरी एकदा वाजवून पाहिलं. पेटीतून नेऱ्याची सकाळ निघाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दिपाताईसुद्धा भाजी निवडायची थांबून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, छान वाजतंय की हो." दोघांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. कादंबरी तेव्हा मेंदीवालीकडे गेली होती, पण दुपारी तिला ऐकायला मिळणारच होतं. चौबळांनी पेटीला चारी बाजूंनी ब्राऊन टेप लावला, वर सवयीने 'जावक क्र. १' लिहिलं, आणि मंडळी कोनला निघाली.

अंगणात पत्र्याचा मांडव होता, पत्रा तापून लाल व्हायचा बाकी. एका बाजूला बेंजो पार्टी, दुसऱ्या बाजूला धवलारीण भीमाबाई. धवलारीण म्हणजे हळदीची गाणी गाऊन सगळे विधी करवून घेणारी बाई, आगरी लग्नात तिचा शब्द भटजीच्या वर. चौबळांनी पेटी मांडवाच्या कोपऱ्यात सावलीला ठेवली आणि व्याह्यांना भेटायला गेले. तासाभराने परत आले तर पेटी नव्हती.

त्यात चूक कुणाचीच नाही. आगरी घरच्या हळदीत टेप लावलेली थर्माकोलची पेटी दिसली तर तिच्यात काय आहे हे कुणी कुणाला विचारत नाही. आचाऱ्याच्या माणसाने ती उचलून स्वयंपाकाच्या मांडवात नेली होती. चौबळ धापा टाकत तिथे पोचले तेव्हा टेप निघालेला होता आणि बर्फावर, पेडलच्या पिशवीवर, सहा सुरमया ओळीने झोपल्या होत्या. वायरी गुंडाळून नीट कडेला खोचलेल्या. ही पेटी आपली आहे, असं चौबळांनी सांगितलं. आचारी म्हणाला, असेल, पण मावरा आता हिच्यातच राहणार, दोनशे माणसांचं जेवण आहे. चौबळांनी त्याला जर्मेनियमबद्दल सांगायला सुरुवात केली. आचाऱ्याने शांतपणे सुरमया उचलल्या, खालून पिशवी काढून त्यांच्या हातात दिली आणि सुरमया परत ठेवल्या. ज्याचं त्याला मिळालं, असा त्याचा न्याय होता.

पिशवी हातात घेऊन चौबळ मांडवात पळाले. तासाभर सुरमयांच्या खाली दबलेलं पेडल आता बर्फाहून गार, म्हणजे पाहिजे त्याहून फारच गार, झालं होतं. कादंबरी पिवळी साडी नेसून पाटावर बसली होती, गालांना हळद लागली होती. बापाला बघून ती सावरून बसली. मामांनी हात वर केला, बेंजो थांबला. चौबळांनी वायरी जोडल्या, डोळे मिटले आणि पहिला सूर छेडला. टक्. दुसरा छेडला. टक्, टक्. वाजवायचं थांबावं तर ते थांबले नाहीत. त्यांना वाटलं, आता लागेल, आता लागेल. अंगणात दोनशे माणसं टकटक ऐकत होती. भीमाबाईला वाटलं, सायबांचं यंत्र बिघडलंय, दुरुस्त करतायत. तेवढ्या वेळात पुढचं काम उरकावं म्हणून तिने कादंबरीला उठवलं आणि चुडा भरायला आत घरात नेलं. सुरू झालं की हाक मारा, असं कादंबरी जाता जाता सांगून गेली. हे चौबळांना दिसलं नाही, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते.

आणि मग पेडल उबेला आलं, नेमकं पाहिजे तेवढं. टक्टक् थांबली आणि सूर निघाला, सकाळच्यापेक्षाही सुरेख. चौबळांनी धून पहिल्यापासून धरली. अंगणामागच्या एक्स्प्रेसवेचा आवाज नाहीसा झाला. पोरंटोरं गप्प झाली, बायका माना हलवायला लागल्या, मामांनी बेंजो मांडीवर आडवा ठेवला. हाक मारायचं सगळेच विसरले. अडीच मिनिटं. शेवटचा सूर विरला आणि चौबळांनी डोळे उघडले. टाळ्यांचा कडकडाट चालला होता आणि समोरचा पाट रिकामा होता.

ते तसेच बसून राहिले. टाळ्या त्यांना ऐकू येत होत्या, पण त्या दुसऱ्याच कुणासाठी असाव्यात तशा. चुडा भरून कादंबरी बाहेर आली, पाटावर बसली आणि हसून म्हणाली, "झालं का दुरुस्त? वाजव ना आता."

चौबळांनी पेडलकडे बघितलं. त्याच्यावर पाण्याचे थेंब आले होते. मामांनी खांद्यावरच्या टॉवेलने ते पुसलं आणि मांडवातला मोठा उभा पंखा ओढून त्याच्यावर रोखला. पंखा पत्र्याखालची तापलेली हवा तेवढी फेकत होता. चौबळांनी हात लावून पाहिला, पेडल कोमट झालं होतं. घड्याळात साडेचार वाजले होते. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि वाजवायला घेतलं, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

गुळण्या. पहिल्या सुरापासून गुळण्या. सूर फुगत होता आणि फस्स करून बसत होता. मघाशी माना हलवणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चौबळांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, आणि आता तो घामच आहे असं त्यांना म्हणायचं होतं. त्यांनी हात उचलला.

"थांबू नको ना," कादंबरी म्हणाली. ती पाटावरून उठून खाली आली होती. भीमाबाई मागून हाका मारत होती तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "हाच आवाज."

"हा बिघडलेला आहे गं," चौबळ म्हणाले. "खरा आवाज वेगळा आहे. मघाशी लागला होता, तू आत होतीस. हा नव्हे."

"मग मला तो खरा माहीत नाही," कादंबरी म्हणाली. "मे महिन्यात, सुट्टीच्या दुपारी, मला झोपवायला तू हाच वाजवायचास. असाच बसका. मला वाटायचं, गिटारलाच झोप आलीये."

चौबळांच्या डोक्यात सगळा कागद उलटापालटा झाला. म्हणजे तेव्हाही उन्हाळाच होता. म्हणजे त्या वर्षांतही असाच वाजत होता, आणि आपण दोन आठवडे फ्रिज, तांदूळ, काख, बर्फाचा कारखाना, सुरमया हे सगळं जे केलं ते मुलीच्या ओळखीचा आवाज घालवण्यासाठी केलं. मग नेऱ्याचा तो आवाज कुणाचा? त्यांना काही कळेना, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. कादंबरी हळदीच्या अंगाने स्पीकरला टेकून खाली बसली, पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. चौबळांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.

काशीराममामांना राहवेना. ते वाकत वाकत जवळ आले आणि कानाशी लागले. "सायब, बरफ आनू काय? आचाऱ्याकरशी हिसकून आनतो."

"नको," चौबळ वाजवता वाजवता म्हणाले. "तो पंखा तेवढा पलीकडे फिरवा, चुकून गार व्हायचं."